दाजींच्या गाडीचे एक्केचाळीस दाते

आदरणीय दाजी,

साष्टांग नमस्कार. (हा नुसता कागदावरचा नाही. गेला महिनाभर मी तुमच्या गाडीखाली तसाच आडवा असतो, फरक इतकाच की पाठीवर.) बदलीच्या गावी तुमची तब्येत ठीक असेल, खानावळीचं जेवण पचत असेल आणि रक्तदाबाची गोळी वेळेवर घेत असाल, असं धरून चालतो. इकडे ताई खुशाल आहे, आईचे गुडघे होते तसेच आहेत, माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान चालू आहे. तुमची गाडीही खुशाल आहे. तिच्यात थोडी सुधारणा झाली आहे, तेवढी कळवावी म्हणून हे पत्र.

जाताना किल्ली हातात देऊन तुम्ही बजावलं होतं, की आठवड्यातून एकदा गाडी सुरू करायची, रविवारी ताईला आईकडे न्यायचं आणि कशालाही हात लावायचा नाही. पहिल्या दोन गोष्टी मी तंतोतंत पाळल्या. तिसरीही पाळली असती, पण निघण्याआधी तासभर तुम्ही त्या ओव्हरड्राइव्हचं कौतुक सांगत बसलात, तिथे घात झाला. बटण दाबलं की गाडी त्याच वेगाने पळते, पण इंजिन सावकाश फिरतं, म्हणून पेट्रोल कमी पितं, हे ज्ञान तुमचंच. मला वाटलं, एका बटणाने इंजिनाला एवढा आराम मिळत असेल, तर मागच्या अ‍ॅक्सलमधले गिअरच बदलून त्याला पेन्शनीतच का बसवू नये? दाते मोजण्यात माझी हयात गेली आहे. (हे मी तेव्हा मिस्त्रीलाही ऐकवलं होतं. हल्ली ऐकवत नाही.)

मिस्त्रीने अ‍ॅक्सल उघडून दाखवला. आत एक मोठं चाक, त्याला ते लोक क्राऊन म्हणतात, एकोणचाळीस दात्यांचं. त्याला भिडलेला छोटा पिनियन, अकरा दात्यांचा. भंगारवाल्याकडे त्याच बनावटीची दुसरी जोडी सापडली, क्राऊनला एक्केचाळीस दाते आणि पिनियनला नऊच. मी हरखलो. घड्याळात मोठं चक्र छोट्या पिनियनला फिरवतं, त्यामुळे मोठ्याचे दाते वाढवा आणि छोट्याचे कमी करा, की पुढचं सगळं भराभर पळतं. मिस्त्रीने डोकं खाजवत विचारलं, नक्की हीच जोडी बसवायची का? मी डोळ्यावरचं भिंग न काढता हो म्हटलं. भिंग लावलेल्या माणसाशी सहसा कुणी वाद घालत नाही.

आणि दाजी, काय सांगू, गुण आला! आधी लिटरला बारा किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज होतं, ते तेरावर गेलं. मी दुकानात तीन गिऱ्हाइकांना गणित समजावून सांगितलं, त्यातल्या एकाचं घड्याळ तेवढ्यात बंद पडलं. गाडी अशी उडायला लागली, की मीटरवर नव्वद दिसायचे आणि ताई दाराची कडी घट्ट धरून बसायची. अशा नव्वदच्या वेगात असताना एकदा शाळेची बस आमच्या पुढे गेली. पोरं खिडकीतून हात हलवत होती. मला त्या बसच्या ड्रायव्हरचा भयंकर राग आला, इतक्या बेफाम वेगाने मुलांना न्यायचं म्हणजे काय! शिवाय आईचं घर, जे आजवर बहात्तर किलोमीटरवर होतं, ते मीटरप्रमाणे ब्याण्णववर गेलं. मी रस्ते खात्याला सविस्तर पत्र लिहिलं, की तुमचे मैलाचे दगड चुकीच्या जागी रोवले आहेत, ते त्वरित हलवावेत. (पोचपावती आली आहे. दगड हलवू नयेत म्हणून आता दुसरं पत्र लिहायचं आहे.)

शेवटी मिस्त्रीने गाडी जॅकवर चढवली, टायरवर खडूची खूण केली आणि इंजिनाकडून येणारा शाफ्ट हाताने फिरवला. पूर्वी चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या साडेतीन फेऱ्या व्हायच्या, आता साडेचार झाल्या. गाडीत छोटा पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतो, घड्याळाच्या नेमकं उलट. म्हणजे मी इंजिनाला पेन्शनीऐवजी जादा पाळी लावली होती. मीटरची केबलही शाफ्टच्याच फेऱ्या मोजते, चाकाच्या नाही, म्हणून मीटरवर नव्वद म्हणजे खरे सत्तर आणि लिटरला तेरा म्हणजे खरे दहा. तुमचं लाडकं बटण दाबलं, की साडेचारचे साडेतीन होतात, म्हणजे गाडी पूर्वी बटण न दाबता जिथे होती तिथे येऊन पोचते. मी त्या दिवशी जेवलो नाही. तुमच्या वडिलांची गाडी आहे ती, आणि तुम्ही ती विश्वासाने माझ्याकडे सोपवलीत. मला खरंच लाज वाटते आहे, दाजी.

रागवा, पण बोलणं टाकू नका. गोळी चुकवू नका.

तुमचा अपराधी मेहुणा

ता. क. १ : जुनी जोडी मी तेलात बुडवून दुकानात सांभाळून ठेवली आहे. अर्ध्या दिवसात ती परत बसते. पुढच्या महिन्यात तुम्ही येण्याआधी गुपचूप बसवून टाकायची, असंच ठरलं होतं.

ता. क. २ : पण परवाच्या रविवारी एक झालं. पाण्याच्या टाकीजवळच्या आईच्या घराचा तो चढ तुम्हाला ठाऊक आहेच. गाडी दुसऱ्या वळणावर दम टाकायची, मग आपण उतरून चालत जायचो. भाड्याच्या गाडीत परक्या माणसाशेजारी आई बसत नाही, त्यामुळे तीन वर्षांत ती खाली उतरली नव्हती. दाते बदलल्यावरही आम्ही सवयीने चढाच्या पायथ्याशीच उतरायचो, परवा मात्र वर घातली, तर गाडी आम्हा दोघांना घेऊन एका दमात थेट दारात गेली. मिस्त्री म्हणतो, याच दात्यांमुळे, पेट्रोल पितात पण ओढतात. आई पुढच्या सीटवर बसली, बाजारातून हिंडली, आणि येताना म्हणाली, पुढच्या रविवारी जरा लवकर या. मला रडू आलं. तेव्हा दाजी, खरी विनंती ही, की जुनी जोडी तेलातच राहू द्या.

ता. क. ३ : ताईने विचारलं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं? मी घाबरून तुमचं नाव सांगितलं. आईचा चढ डोळ्यांपुढे ठेवून तुम्ही पत्रातून दाते कळवलेत, असं तिला वाटतं आहे. ती डोळे पुसत म्हणाली, यांना माझ्या आईची एवढी काळजी असेल असं वाटलं नव्हतं. तसं पत्रही तिने तुम्हाला याच टपालाने धाडलं आहे, चार पानी. बावीस वर्षांत तिने तुमचं लेखी कौतुक केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. खरं काय ते तिला कळवायचं की नाही, हे सर्वस्वी तुमच्यावर सोपवतो.