गोड्या पाण्यातलं विष

२२ एप्रिल १९७९, रविवार

उजवा हात सुजलाय, म्हणून डाव्या हातानं खरडतेय. हे अक्षर बाबांनी पाहिलं असतं तर छडी काढली असती — पण त्यांच्या डोळ्यांवर अजून पट्टी आहे. मोतीबिंदू काढून चारच दिवस झालेत, त्यासाठीच मी सुट्टी घेऊन गावी आलेय.

चूक माझीच. संध्याकाळी बोडीवर, गावच्या लहान तळ्यावर गेले. पाणी गुडघ्याइतकंच उरलंय, ढिवरांच्या बाया चिखल चाचपून मासे काढत होत्या. मी दोन वर्षं समुद्रकिनाऱ्यावर शिंगाळ्या माशाचे काटे सोलतेय, तेव्हा मोठ्या रुबाबात एकीच्या टोपलीत हात घातला. शिंगी होती, शिंगाळ्याची तळ्यातली बहीण! छातीच्या पराचा काटा अंगठ्यात सरळ आत. खांद्यापर्यंत कळ गेली. दिघोरीतली पहिली पीएच.डी. चिखलात बसून ओरडली!

टोपलीवाली म्हातारी — तुळसाबाई — मनगट धरून ओढतच घेऊन गेली मला तिच्या झोपडीत. चुलीवरचा गरम पाण्याचा गंज खाली घेतला, त्यात हात बुडवला. "हलू नोको! पोयते तं पोयू दे." अर्ध्या तासात कळ निम्मी झाली. "इतकी शिकली अन् शिंगीले असा हात घालते का कोनी?"

समुद्रातला शिंगाळा मला दोनदा टोचलाय. इतकं दुखलं नव्हतं. मुळीच नाही!

२३ एप्रिल

सूज उतरली. पान १४२ मात्र डोक्यातून जात नाही.

२६ एप्रिल, गुरुवार

एकदा नीट लिहूनच काढते.

मणेरीकर सरांचं पुस्तक, पान १४२ — "गोड्या पाण्यातील जातींत विष नाममात्र उरले आहे, वेदना मुख्यतः जखमेची." सरांचा सगळा सिद्धांत या पानावर उभा आहे. काट्यातलं विष समुद्रात घडलं, मासे नद्यांत-तळ्यांत शिरले, शत्रू कमी झाले, मग विषही हळूहळू ओसरलं. पीएच.डी.नंतरही गेली दोन वर्षं मी मुंबईला त्यांच्याच हाताखाली, समुद्री बाजूचे आकडे काढायला. ताज्या ग्रंथी, प्रत्येकीचं वजन, सगळं चोख. गोड्या पाण्याची बाजू सरांनी पूर्वीच पाहिलेली, म्हणून मी कधी विचारलंच नाही. आणि ते पान नव्या आवृत्तीसाठी टाइप कोणी केलं? मीच!

आता त्यावर आमच्या दोघांच्या नावाचा निबंध तयार आहे. छापायला जाण्याआधी माझी सही हवी. माझी शिष्यवृत्ती जूनअखेर संपते. जुलैत कायम जागेची मुलाखत, आणि समितीवर सर.

एका अंगठ्याच्या दुखण्यानं काय सिद्ध होतं? काहीच नाही. नागपूरच्या कॉलेजातलं उपकरण दोन दिवस मिळतं का, विचारायला हवं.

३ मे

तुळसाबाई सकाळी मडक्यात सात शिंग्या घेऊन दारात. मीच सांगून ठेवलं होतं.

"डाक्टरीन हायेस न तू?"

"माशांची."

"मासोयीले कायले पायजे डाक्टर?"

समुद्राबद्दल विचारत होती. पाणी खारं असतं हे तिनं ऐकलंय. "अन् थो आटत नाई कधी?" नाही म्हटलं. "मंग मासोया धराव कशा?"

तिचं ऐकत मी पाच पानं भरली. लहान शिंगी मोठीपेक्षा जास्त लागते. चिखलात दिवस काढलेली सगळ्यांत वाईट. मांगूर मासा टोचला तर बायका शिव्या देतात, शिंगी टोचली तर काम सोडून घरी जातात. काट्यावरची कातडी खरडून टाकली की पोरं तोच काटा हातात घेऊन खेळतात, काही होत नाही. हे शेवटचं ऐकून मी उभीच राहिले! विष कातडीतच असतं. आम्हाला ते कळायला सूक्ष्मदर्शक लागला.

चहा ठेवला तर नको म्हणाली. पाणीही नको. कारण तिला ठाऊक, मला ठाऊक. बौद्धांच्या घरचं. त्या दिवशी माझा हात स्वतःच्या गंजात बुडवताना तिला काही वाटलं नाही, आणि आमचा कप चालत नाही! राग आला. मग राग मडक्यावर काढला, शिंग्या मोजत बसले.

१२ मे, शनिवार — नागपूर

साकोलीच्या कुल्फीवाल्याकडून बर्फ घेतला, थर्मासमध्ये ग्रंथी भरल्या, एस.टी.त थर्मास मांडीवर. शेजारच्या बाईला वाटलं दूध आहे. "लेकरू कोठी आहे?"

कॉलेजातलं उपकरण माझ्या वयाचं असेल. धुरी दिलेला कागद फिरतो, सुई त्यावर पांढरी रेघ ओढते. बेडकाचा स्नायू टांगला, विष सोडलं. मुंबईत तेवढ्याच वजनाच्या समुद्री विषाला स्नायू थांबवायला चोवीस मिनिटं लागायची. सव्वीस, बावीस — त्या आसपासच.

आज शिंगी. अकरा मिनिटं!

दुसऱ्यांदा केलं. बारा. तिसऱ्यांदा पुन्हा अकरा. रेघ सपाट झाली तरी मी सुईकडे बघतच उभी.

ओसरलेलं विष असं नसतं. तळ्यातली शिंगी कुणाचं उरलंसुरलं घेऊन बसलेली नाही. तिनं तिचं स्वतःचं घडवलंय, इथेच.

१४ मे

सरांना पत्र टाकलं. चार वेळा लिहिलं, चारही वेळा माफी मागितल्यासारखं झालं. पाचवं टाकलं.

३० मे, बुधवार

उत्तर आलं. बाबांना सगळी पत्रं मीच वाचून दाखवते. पट्टी निघाली, पण चष्मा अजून मिळालेला नाही.

सर लिहितात, "एका तळ्यावर सिद्धांत मोडत नाही. उन्हाळ्यात आटलेल्या पाण्यातील मासा हा नमुनाच नव्हे. आपल्या हातून घाई होत आहे." आणि खाली, "ढिवर बायकांच्या ऐकीव गोष्टी शास्त्रात आणू नयेत."

पहिलं बरोबर आहे. एक तळं पुरत नाही. मीही हेच विचारलं असतं.

शेवटचं वाक्य बाबांना वाचून दाखवलं नाही.

८ जून, शुक्रवार

नऊ दिवसांत पाच तळी. दोन बोड्या, तीन मोठे तलाव, त्यातल्या एका तलावाला बाराही महिने पाणी. तुळसाबाई प्रत्येक ठिकाणी कुणाची तरी मावशी निघते, म्हणून कुणी अडवत नाही. मी सायकलवर, ती कॅरिअरवर उलटी बसून, मांडीवर मडकं. लोक थांबून बघतात. तिला मजा वाटते. परवा नागपूरला पुन्हा जाऊन आले. पाचही तळ्यांचे आकडे दहा ते तेरा मिनिटांच्या आत. भरल्या तलावाचे साडेअकरा.

पण पान १४२ वर वेदनेचं लिहिलंय, आणि बेडूक वेदना सांगत नाही. म्हणून आज —

दोन काटे घेतले, एकाच माशाचे. एक तसाच. दुसऱ्याची कातडी खरडून पाण्यात उकळला. मी पदर डोळ्यांवर बांधला, दोन्ही हात पुढे केले. कोणत्या हाताला कोणता काटा, ते तुळसाबाईनं ठरवायचं आणि मला सांगायचं नाही.

"येडी झाली का वो तू? मी नाई टोचत."

"टोचा."

"सायेब, पोरीले सांगा न!" बाबांना म्हणाली ती.

बाबा खाटेवरून म्हणाले, "आधी किती वाजले ते लिहा. नंतर लिहिलं की चुकते."

टोचलं तिनं. डावा हात — नुसतं टोचणं, काटा बाभळीचा असावा तसं. उजवा... पाच मिनिटांत कोपर, दहा मिनिटांत खांदा. तोंडातून आवाज काढायचा नाही असं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही. वीस मिनिटं सहन केलं. मग पदर सोडला, म्हटलं, "उजवा." तुळसाबाईच्या डोळ्यांत पाणी. "हो माय, उजवाच!"

मग गरम पाणी. कळ उतरत गेली तशी मला झोप यायला लागली. उठले तेव्हा तुळसाबाई चुलीपाशी होती. चहा तिनंच केला होता, आमच्याच साखरेचा, आमच्याच कपांत. बाबांना दिला, मला दिला, स्वतः घेतला.

९ जून

पूर्ण निबंध लिहिला. अठरा पानं. सरांना एक प्रत.

१९ जून, मंगळवार

सरांचं रजिस्टर्ड पाकीट. आत आमच्या जुन्या निबंधाचा सहीचा कागद. नुसती रिकामी ओळ, खाली माझं नाव टाइप केलेलं. सोबत चार ओळी.

"४ जुलैला मुलाखत. तत्पूर्वी सही करून पाठवा. आपले नवे आकडे पुढे कधीतरी सवडीने पाहू. मी आपल्या भल्याचे सांगत आहे."

ओरडले असते तर बरं झालं असतं. सर कधीच ओरडत नाहीत. माझी पीएच.डी. चालू असताना आई गेली, तेव्हा मला महिनाभर सुट्टी देऊन माझ्या टाक्यांतलं पाणी त्यांनी स्वतः बदललं होतं. साठीच्या जवळ आलेला माणूस, बादल्या उचलत! ते मी विसरू कशी?

बाबांना वाचून दाखवलं. सगळं.

बाबा म्हणाले, "नोकरी मोठी आहे. मी करू नको म्हणणार नाही. तुझ्या पाठीमागं कोणी जमीनजुमला ठेवला नाही आम्ही." मग, "पण मागच्या पत्रातलं एक वाक्य तू गाळलं. काहून गाळलं?"

कसं कळलं विचारलं.

"छत्तीस वर्षं पोरांचं वाचन ऐकलो. गाळताना श्वास अडकते."

सांगितलं मग. ढिवर बायकांचं. बाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "छप्पनच्या आधी आमचं कोणी काही सांगितलं, तर तेही ऐकीवच असायचं."

२१ जून

रात्री नाही, भर दुपारी निर्णय घेतला, डोकं शांत असताना. सही केली नाही. कागद तसाच परत. सोबत लिहिलं — या निबंधावर माझं नाव घालू नये. माझा निबंध मी स्वतंत्र छापायला पाठवते आहे. आपल्या उपकारांची जाणीव आहे. शेवटचं वाक्य खोडलं. पुन्हा लिहिलं. ते खरं आहे, मग राहू दे.

साकोलीला जाऊन पेटीत टाकलं. पाकीट आत पडल्याचा आवाज आला. परतीच्या एस.टी.त डोळे मिटून बसले.

२३ जून

तुळसाबाईला म्हटलं, निबंधाच्या शेवटी तुमचं नाव छापणार, मदत केली म्हणून.

"माहं नाव कायले? शिंगीचं टाक."

छापणारच म्हटल्यावर लाजली. मग बरोबर लिहायला सांगितलं, तुळसा चिंधू मेश्राम. चिंधू नवरा. तोही आला पाहिजे म्हणे, जाळी तोच विणतो.

४ जुलै, बुधवार

आत्ता मुंबईत मुलाखती चालू असतील. मी तांदूळ निवडतेय.

७ जुलै

शिष्यवृत्ती संपली. कार्यालयाचं पत्र, एका ओळीचं. साकोलीच्या कॉलेजात तासिकेवर शिकवायला कुणी हवंय, असं कळलं. सोमवारी भेटून येते. बाबांना म्हटलं, तुमच्यासारखी मास्तरीण होणार. ते खूश झाल्याचं दाखवत होते.

आज खूप वाईट वाटलं. कुणापुढे नाही, इथे लिहून ठेवते. मी बरोबर आहे हे माहीत असूनही वाईट वाटलं. बाकीच्या कुणाला हा आकडा हवाच नसेल तर?

१९ जुलै, गुरुवार

सरांकडून पार्सल. पत्र नाही. एक जुनी वही, कडा वाळवीनं खाल्लेल्या. वर तारीख, मे १९५३. गोंदियाजवळचा तलाव. शिंगी, ताज्या ग्रंथी, बेडकाचा स्नायू. दहा मिनिटं. बारा. अकरा.

शेवटच्या पानावर त्या वेळच्या शाईत — "गुरुजींना दाखवले. म्हणाले, नोकरी हवी असेल तर हे छापू नका."

खाली निळ्या बॉलपेननं, आजच्या थरथरत्या अक्षरात — "छापले नाही. तुमचे पहिले पत्र उघडण्याआधीच त्यातला आकडा मला ठाऊक होता. माझा निबंध परत मागवला आहे. तुमचा छापा."

वही मांडीवर घेऊन बसलेय. पहिली पानं पुन्हापुन्हा बघतेय. काय ते अक्षर तेव्हाचं — किती घाईचं, आणि किती आनंदाचं!