रिकामं पोहोचलेलं पत्र

वरोर, मंगळवार, संध्याकाळ

भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणाऱ्या मोफत प्रोग्राममधली चूक मी शोधली, दुरुस्तही केली. कोडच्या एक्केचाळीस ओळी. रविवारी न्यूजरीडर या संदेश वाचायच्या-पाठवायच्या साधनातून, तो प्रोग्राम बनवणाऱ्यांच्या मेलिंग लिस्टवर पाठवल्या, फाइल जोडून. लिस्टचा सर्व्हर जोडलेल्या फाइली काढून टाकतो. नियमांत लिहिलंय, मी वाचलं नव्हतं. पोहोचलं ते नुसतं "सोबत दुरुस्ती जोडली आहे". लगेच कुणीतरी विचारलं, "मॅडम, कुठे जोडलीत?"

कॉलेजातल्या सरांना मात्र मी वेगळी प्रत पाठवली होती. त्यांना फाइल नीट मिळाली. आज त्याच एक्केचाळीस ओळी त्यांच्या नावाने लिस्टवर आहेत. घाईत राहून गेलं असेल? नाही. माझं नाव तेवढं आठवणीने काढलंय.

आई वाळलेले बोंबील घेऊन आत आली. "नाव कुनाचं का असंना, बाबाच्या होडीला टाइम तं बरोबर दिसंल ना?"

"दिसेल."

"मग तोंड कशाला पाडलंस?"

नोकरीच्या अर्जात दाखवायला माझ्याकडे एवढंच काम होतं.

शेवटी लिस्टवर लिहिलं की दुरुस्ती माझी आहे, आणि सगळ्या एक्केचाळीस ओळी पत्रातच उतरवल्या. एकच उत्तर आलं, सरांचं: "शाब्बास. आता पाठवायची पद्धत बरोबर आहे."