अकरा बुडाखाली, एक दारात

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार. पायांवर डोकं ठेवतो असं लिहिणार होतो, पण गेले पंधरा दिवस लोकांच्या सोफ्यांखाली डोकं घालून इतका फिरलोय की मान आता खाली जायला तयार नाही. तेव्हा हा नमस्कार उभ्या-उभ्याच घे. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला? (तो गेल्या महिन्यातच गेला हे मला ठाऊक आहे, पण पत्रात विचारायचं असतं.) इकडे आम्ही सगळे ठीक. माझी एक दाढ कमी झाली, त्याचा खुलासा पुढे ओघाने येईल.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. तू दुकान सोडून गेलास त्याला दोन वर्षं उलटली. दाबलेल्या भुशाच्या तयार फर्निचरचा पहिला ट्रक दारात उभा होता, मी म्हणालो की खऱ्या लाकडाला हल्ली विचारतो कोण, तू म्हणालास की मग भुशाचं दुकान तू एकट्यानेच चालव, आणि पटाश्या फडक्यात गुंडाळून चालता झालास. तेव्हापासून तू पायरी चढला नाहीस आणि मी तुझ्या दारी आलो नाही. ही रोज सांगते, तुम्ही लहान आहात, तुम्ही नमतं घ्या. (साठीला टेकलेल्या माणसाला लहान म्हणायला तिला काही वाटत नाही.) तू परत यावंस असं मला वाटतं की नाही, हा प्रश्न इथे नाही. हे पत्र एका तांत्रिक अडचणीबद्दल आहे, तेवढ्यापुरतंच ते वाच.

झालं असं की तुझ्या पुतण्याने दुकानात बीकन बसवायचं काढलं. तो आता असल्याच कंपनीत कामाला आहे. बीकन म्हणजे काड्यापेटीएवढी पांढरी डबी, आत घड्याळात असतो तसला गोल सेल, आणि काम एकच: दर सेकंदाला दोन-चारदा आपला नंबर हवेत सांगत राहायचं. मी चार नंबर, मी चार नंबर. बास. त्याला ना गिऱ्हाईक दिसतं, ना कोणाचं बोलणं ऐकू येतं. (मला आधी वाटलं आत कॅमेरा असेल, म्हणून चार दिवस मी गल्ल्यावर ताठ बसत होतो.) ज्याच्या फोनमध्ये आपल्या दुकानाचं ॲप आहे आणि ब्लूटूथ चालू आहे, त्याच्या फोनला तो नंबर ऐकू येतो. आवाज जोरात आला तर माणूस जवळ, बारीक आला तर लांब, असा फोन अंदाज बांधतो. मग ॲप आमच्या कॉम्प्युटरला विचारतं की बाबा, हे चार नंबर म्हणजे काय? कॉम्प्युटर सांगतो, सोफा. की लगेच गिऱ्हाइकाच्या फोनवर निरोप: बसून पाहा, आज तीस टक्के सवलत. शिवाय कोण कुठे किती वेळ थांबलं याची नोंद आमच्याकडे होते ती वेगळीच. मधे माणूस आला तर आवाज बसतो, कारण माणसाच्या अंगात पाणी फार. आपले शेजारचे शिंपी मधे उभे राहिले तर त्यांच्या मागचं अख्खं कपाट गायब होतं.

पुतण्या म्हणाला, ही काही खेळणी नाहीत. त्यांनी एका इस्पितळात चाकांच्या खुर्च्यांना असल्या डब्या लावल्या आणि खुर्ची शोधत मजले पालथे घालायचं नर्सबाईंचं काम वाचलं. गोदामात कुठली पेटी कुठे ते कळतं, संग्रहालयात मूर्तीसमोर उभं राहिलं की फोन तिची माहिती सांगतो. मला ते सगळं पटलं, खोटं कशाला बोलू. फक्त ऐकताना एक विचार मनात येऊन गेला, की दिवसभर 'मी इथे आहे, मी इथे आहे' म्हणत सुटायचं आणि समोरच्याचं अक्षरही ऐकायचं नाही, असा एक माणूस माझ्या परिचयाचा आहे. आणि दुसरा एक असा की सगळं ऐकतो आणि तोंडातून शब्द काढत नाही. एकाच आईची दोन पोरं अशी कशी निघाली, देव जाणे.

तर डब्या एकूण बारा. एक पुतण्याने स्वतः दाराच्या चौकटीशेजारी भिंतीला लावली, आणि तेवढ्यात कंपनीने त्याला पंधरा दिवस परगावी पाठवलं. जाताना तो म्हणाला, बाबा, उरलेल्या अकरा प्रत्येक विभागात एकेक चिकटवा, कोणाला दिसणार नाहीत अशा. आता तूच सांग दादा, आपल्या दुकानात 'दिसणार नाही अशी' जागा कोणती? तीस वर्षं तू आम्हाला घोकून घेतलंस की भिंतीला काही चिकटवायचं नाही, आणि किमतीची चिठ्ठी कायम बैठकीखाली. आधी बूड, मग किंमत. गिऱ्हाईक आधी बसलं पाहिजे, अंग सैल सोडलं पाहिजे, मग त्याने वाकून काय ते बघावं. दुसऱ्या कुठल्या दुकानदाराने त्या डब्या भिंतीला लावल्या असत्या. मी अकराच्या अकरा बुडाखाली चिकटवल्या, त्याही तू मागे ठेवून गेलेल्या सरसाने, आणि हात झटकून गल्ल्यावर येऊन बसलो.

पंधरा दिवसांत विक्री बरी झाली. त्यात सहा नग डब्यांसकट गेले. हे माझ्या डोक्यात आलं नाही. चिठ्ठी फाडून हातात द्यायची सवय, डबी कोण बघतो? आणि तिकडे पुतण्या लांबून नोंदी बघून खूश. त्याने फोन केला की पलंगाच्या विभागात दोन गिऱ्हाईकं रोज सरासरी साडेसात तास थांबतात, रविवारी नऊ. इतका वेळ रेंगाळलेलं गिऱ्हाईक त्यांच्या कंपनीत कोणी पाहिलेलं नाही. मी आनंदाने आणखी वीस पलंग मागवले. (ते आता मधल्या बोळात उभे केलेत, आणि मी त्यांच्यामधून आडवा होऊन जातो.) नंतर शंका आली की दुकान आठला बंद होतं, मग रात्रभर पलंगापाशी थांबतंय कोण? मी सरळ वॉचमनला फैलावर घेतलं. त्या भल्या माणसाने आयुष्यात कधी पलंगाला पाठ लावलेली नाही, तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. ती दोन गिऱ्हाईकं म्हणजे नुकतंच लग्न झालेलं जोडपं, स्वतः विकत घेतलेल्या पलंगावर, स्वतःच्या घरात, उशाशी फोन ठेवून झोपलेलं.

मग आल्या मुख्याध्यापिकाबाई, निवृत्त झालेल्या. त्यांनी सोफा पूर्ण किमतीत घेतला होता, आणि त्या त्यावर टेकल्या की फोन म्हणायचा, आज तीस टक्के सवलत. रोज. त्यांनी भर दुकानात मला तो निरोप तीनदा मोठ्याने वाचायला लावला, आणि तिसऱ्यांदा स्वल्पविरामाला थांबलो नाही म्हणून चौथ्यांदा. त्याच संध्याकाळी पुतण्या परगावाहून परतला आणि विचारू लागला, बाबा, चार नंबर कुठे आहे? म्हटलं, सोफ्याखाली. सोफा कुठे आहे? म्हटलं, बाईंच्या घरी. तो मटकन खाली बसला. म्हणाला, या भिंतीला लावायच्या असतात हो. मी म्हणालो, आपल्याकडे भिंतीला काही लावत नाहीत. कोणी सांगितलं, त्याने विचारलं. मी म्हणालो, तुझ्या काकाने. त्यावर त्याने बिलबुक पुढे ओढलं आणि गिऱ्हाइकांचे पत्ते उतरवून काढले.

तेव्हापासून मी पत्ते घेऊन घरोघर फिरतोय. बाईंच्या सोफ्याखाली शिरलो तेव्हा तुझ्या भाषेतला भुसा म्हणजे काय ते जवळून पाहिलं. खाली काळं फडकं, स्टेपलरच्या पिना, एक कोपरा आत्ताच फुगलेला. डबी फडक्यातून आत घरंगळली होती. हात घातला तो मनगटापर्यंत अडकला, आणि तशा अवस्थेत बाईंनी मला विचारलं की वरून इतका छान दिसणारा सोफा खालून असा कसा? मी म्हणालो, बाई, आधी माझा हात सोडवा.

शेवटची जागा दातांच्या डॉक्टरांची. त्यांनी बाहेरच्या खोलीसाठी तुझा बाक नेला होता. तू केलेला शेवटचा, लांब पाठीचा, जो दोन वर्षं खपत नव्हता आणि मी कोपऱ्यात ढकलून दिला होता. (तिथल्या ज्या पेशंटकडे आपलं ॲप होतं त्यांना फोन सांगायचा: निवांत बसा, घाई नको. दोघं-तिघं तेवढ्यावरच उठून गेले म्हणे.) मी त्याच्याखाली पाठीवर आडवा झालो आणि वर पाहिलं. दादा, खालून पॉलिश आहे. जिथे कोणी कधी बघणार नाही तिथे तू तीन हात दिलेत. सांध्यात केसही जाणार नाही. एका कडेला तुझ्या पेन्सिलीतला बाण आणि 'ही बाजू उजेडाकडे' असं बारीक अक्षर. मी तीस वर्षं तुझं काम विकलं आणि एकदाही खाली निजून ते पाहिलं नाही. तिथे मला रडू आलं. लपवून काय करू, चांगलं हुंदक्यानं आलं. कंपाउंडरने वाकून विचारलं, काका, फार दुखतंय का? बाकाखाली पडून भावासाठी रडतोय हे चारचौघांत सांगायची लाज वाटली, म्हणून म्हणालो, हो, दाढ. त्याने आणि एका पेशंटने धरून मला आत नेलं. डॉक्टर म्हणाले, बरं झालं आलात, डावीकडची पार गेलेली आहे. आणि काढली. खोटं बोलल्याची शिक्षा इतकी हातोहात मी तरी कुठे पाहिली नाही.

तर असं आहे. पाच डब्या परत आणल्या, दुकानातल्या पाच मिळून आता दहा भिंतीला लागल्या. (तुझा नियम मोडला, इलाज नव्हता.) भुशाच्या मालाबद्दल तू म्हणाला होतास ते बरोबर होतं, आणि लाकडाबद्दल मी जे म्हणालो ते चूक होतं. हे मी लेखी देतोय, जपून ठेव. वहिनींना नमस्कार. उत्तर पाठवलंच पाहिजे असं काही नाही.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. तांत्रिक अडचण राहिलीच. बाकाखालची डबी सुटत नाही. सरस तुझा, त्यामुळे तो सोडायला तयार नाही. पॉलिशला धक्का न लावता ती कशी काढायची ते कळव. नाहीतर तू स्वतः येऊन काढ. डॉक्टर तुला ओळखत नाहीत, दाढेला धोका नाही.

ता. क. दुसरा. वरची अडचण खरी आहे, पण पत्र तिच्यासाठी लिहिलेलं नाही. ती एक सोडून बाकी डब्या जागच्या जागी आल्यावर पुतण्याने नोंदी पुन्हा काढल्या. आता त्यात खोटं काही उरलं नव्हतं, तरी एक ओळ विचित्र होती. मंगळवारी आपली सुट्टी, शटर बंद, आणि दर मंगळवारी साडेचारच्या सुमाराला एक फोन दारापाशी येतो, दहा-बारा मिनिटं थांबतो आणि जातो. दारातली डबी लागल्यापासून एकही मंगळवार चुकलेला नाही. मी म्हणालो, बिघाड असेल. पुतण्या म्हणाला, दारातली डबी काही विकली गेलेली नाही बाबा, आणि हा फोन कोणाचा ते मला माहीत आहे. (तो तुझ्याकडे येत असतो हे मला कळत नाही असं त्याला वाटतं. तपासून बघायला म्हणून ते ॲप तुझ्या फोनमध्ये त्यानेच घातलं.) एवढं बोलून तो चहा प्यायला निघून गेला.

गेल्या मंगळवारी मी मागच्या दाराने दुकानात येऊन बसलो, पुतण्याचा फोन हातात घेऊन. साडेचारला त्यावर तुझ्या फोनची नोंद आली: दार, सहा मीटर. मग तीन. मग एक. तुझं खाकरणं मला ऐकू आलं. शटरला आतून हात लावून मी उभा राहिलो, पण उचललं नाही. उचललं आणि तू वळून चालायला लागलास तर, ही भीती वाटली. बारा मिनिटं आपण दोघे एका पत्र्याच्या दोन बाजूंना उभे होतो. मग दोन मीटर, पाच, आणि मग काहीच नाही. दादा, तू गेल्यापासून मला दुकानात करमत नाही. परत ये. काम करायला नको, नुसता येऊन बस.

या मंगळवारी तू दारात उभा राहिलास की खिशात फोन वाजेल. सवलत वगैरे काही नाही, तो निरोप फक्त तुझ्या फोनला जाईल. मी स्वतः टाइप केलाय, अर्धा तास लागला: 'दादा, मी आत आहे. शटरला कुलूप नाही.' हे पत्रातच आधी सांगतोय कारण वहिनी म्हणतात, हल्ली बाहेर पडताना तू चष्मा घरीच विसरतोस.