ताईच्या नावावरची फिल्म

३ मार्च

चि. बेबीस, अ. उ. आ.

हे फोनवर माझ्याने बोलवणार नाही, म्हणून लिहिते. कारखान्याने सगळ्या शिवणकामवाल्यांना यंदा छातीच्या गाठीची तपासणी सक्तीची केली, मागच्या खेपेला दुखलं होतं ते आठवून माझी घाबरगुंडी उडाली आणि माझ्या नावावर तू जाऊन आलीस. तेव्हा आपण किती हसलो. आज तपासणी केंद्राचं पत्र आलं. छातीच्या एक्स-रेची फिल्म तिथे आधी संगणक बघतो. त्याने डाव्या बाजूला तांदळाच्या कणीएवढ्या जागेभोवती गोल काढलाय. डॉक्टरांना नुसत्या डोळ्यांनी काही दिसलं नव्हतं. अठरा तारखेला मला सुईने तुकडा काढून तपासायला बोलावलंय.

बेबी, नाव माझं असलं तरी छाती तुझी आहे. वाचल्यापासून एक शिवण सरळ येत नाही.

पत्रात एक ओळ मात्र आहे, की मागच्या फिल्मशी ताडून पाहता हे नवीन दिसतं. मागची फिल्म तर माझी. माझ्याशी ताडून पाहिल्यावर तुझं सगळंच नवीन दिसणार ना? आपणच त्या संगणकाला फसवलं असेल. मी याच आशेवर आहे. तरी तू जाऊन खरं सांग. माझ्या नोकरीचं मी बघेन.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ताई

१० मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

काल गेले. दारातून दोनदा माघारी फिरले, मग एका दमात सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी तुझी जुनी फिल्म बाजूला ठेवून माझी एकटीचीच संगणकाला पुन्हा दाखवली. मी पडद्याकडे न बघता त्यांच्या पेनाच्या टोपणाकडे बघत होते. गोल पुन्हा तिथेच आला.

अठराला मी माझ्या नावाने जाईन. तू रडू नकोस, रडलीस की तुझं नाक टोमॅटोसारखं होतं.

तुझीच,
बेबी

२४ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

कॅन्सरच आहे. अजून हाताला लागत नाही इतका लहान आहे, म्हणून ऑपरेशनने निभावेल असं बाई सांगतात. मला फार भीती वाटते. तुला नाही तर कोणाला सांगू? दोन एप्रिलला ऑपरेशन.

फिल्म आता माझ्या नावावर केली. त्यामुळे तुझ्या नावापुढे या वर्षाची जागा रिकामी राहिली. तिथे मी एकतीस मार्च, सकाळी दहा, असं लिहून घेतलंय. दारापर्यंत मी तुझ्याबरोबर येईन. आत या खेपेला तुलाच जावं लागेल.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस, आणि ये.

तुझी,
बेबी