पित्ताचं दुकान

५ ऑगस्ट २००६, शनिवार
घराच्या पुढच्या खोलीत दुकान सुरू झालं. पिझ्झा सूनबाई करणार, बाकी सर्व मी. गौतमीच्या हाताला चव आहे, पण नुसत्या चवीवर दुकान चालत नाही, शिस्त लागते. मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी होते. दिवाळीपर्यंत जम बसला तर मुलगा संघर्ष आणि गौतमी शिरूरलाच राहतील. नाही बसला तर संघर्ष चाकणची नोकरी धरणार, बिऱ्हाडही तिकडेच. मग या घरात मी आणि हे, एकमेकांकडे बघत. म्हणजे जम मलाच बसवावा लागणार. निवृत्तीनंतरही सुटका नाही.

७ ऑगस्ट
पाटीवर शुद्ध उच्चार लिहून घेतला : 'पित्सा'. बी.ए.ला माझं इंग्रजी होतं. पेंटर म्हणाला, "बाई, लोक पिझ्झा म्हणतात." लोक काहीही म्हणतात.

८ ऑगस्ट
गिऱ्हाईक एकच. मांडवगणचे साहेबराव आप्पा. छाती चोळत विचारलं, "पित्तावर काय देता? रातच्याला लई जळजळतंय." मी शांतपणे खुलासा केला. तेवढ्यात गौतमीनं त्यांना थंड दूध दिलं, वर पिझ्झ्याचा एक तुकडा. आप्पा म्हणाले, "औषध ग्वाड हाय." हे आतल्या खोलीत उचकी लागेपर्यंत हसले. पाटी बदलणार नाही.

१९ ऑगस्ट
गर्दी वाढते आहे. पाटीचा परिणाम. रांजणगावच्या कंपनीची बस आली की पोरं उतरतात ती थेट इथेच. गौतमी प्रत्येकाशी बोलते. कुणाला मिरची जास्त, कुणाच्या आईचं ऑपरेशन. वेळेचा अपव्यय. तसं तिला सांगितलं. "हो आई," म्हणाली. मुलगी ऐकते माझं.

२ सप्टेंबर
कहर. आप्पा पिशवीतून घरचे कांदे घेऊन आले. "आमच्या पिझ्झ्यावर आमचाच कांदा घाला." दिवाळीला पीठ-तूप देऊन बेकरीतून नानकटाई भाजून आणतात, तसं! गौतमीनं घातले. संध्याकाळी एक बाई वांगं घेऊन आली, दुसरी वाटीभर ठेचा. उद्या बोंबील आणतील. हे दुकान आहे, गिरणी नव्हे.

३ सप्टेंबर
भिंतीवर सूचना लावली : घरून काही आणू नये. कामाव्यतिरिक्त बोलू नये. अक्षर सुरेख आलं आहे.

१४ सप्टेंबर
आता फक्त दर्जेदार गिऱ्हाईक येतं. आज आलं नाही. आप्पा रस्त्यानं परस्पर चालले होते. हाक मारली. म्हणाले, "तुमच्याकडं यायचं म्हंजी इन्स्पेक्शन असल्यागत वाटतं, बाई." माझ्या नोकरीची आठवण लोकांना अजून आहे. बरं वाटलं. संघर्ष चाकणला खोली बघून आला. उतावळा स्वभाव, वडिलांवर गेला आहे.

२० सप्टेंबर
जेवताना गौतमी म्हणाली, "आई, आठ दिवस दौंडला राजश्रीमावशींकडे जाऊन या ना. किती दगदग होते तुमची." हे कधी बोलत नाहीत, तेही म्हणाले, "जाच." सगळ्यांना माझी काळजी. जाते. म्हणजे माझी किंमत कळेल. बोलावल्याशिवाय परत येणार नाही, असं ठणकावून सांगितलं आहे. तिसऱ्या दिवशी फोन येईल.

२४ सप्टेंबर, दौंड
फोन नाही. राजश्री सकाळपासून स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलते आहे. आधी डावा, मग उजवा. उठून जाता येत नाही, परतही जाता येत नाही. नको ते ठणकावलं. शेवटी मीच फोन केला. हे म्हणाले, "निवांत राहा. गर्दी आहे, ठेवतो." तक्रारी घेऊन आले असणार लोक.

२७ सप्टेंबर, दौंड
पुन्हा मीच फोन केला. संघर्षनं चाकणला नकार कळवला. शिरूरलाच राहणार म्हणतो. मी घालून दिलेली घडी अखेर उपयोगी पडली. राजश्री म्हणते, "ताई, तुला त्यांनी गोड बोलून घालवलं गं." तिचं शिक्षण अर्धवट राहिलं.

३० सप्टेंबर, शिरूर
न कळवता आले. दुकानापासून शेजारच्या सायकलवाल्यापर्यंत माणसं. हातात पिशव्या : मेथी, मक्याची कणसं, कुणाचं काय. भिंतीवर सूचना नव्हती. आत शिरणार तोच कंपनीच्या ड्रेसमधल्या एका पोरीनं हात आडवा घातला. "ओ आजी, आमी कवाचं थांबलोय. मागं जावा." गल्ल्यावर हे होते. माझ्याकडे बघितलं आणि घाईघाईनं सुट्टे मोजायला लागले.

मागे जाऊन उभी राहिले. पुढची बाई वळून म्हणाली, "तुमी काय आणलंय?" राजश्रीनं दिलेल्या शेवग्याच्या शेंगा होत्या. तसं सांगितलं. "शेंगा? इचारून बघा. गौतमीताई कुणाला न्हाई म्हणत न्हाई."

माझा नंबर आला. गौतमीनं वर पाहिलं. मग सगळ्यांना विचारते तसंच विचारलं, "तुमच्या पिझ्झ्यावर काय घालू, आई?"

मी पिशवी पुढे केली.