तीन साहेब, एक चॅनल आणि तुझी आई

पोलीस लाईन, ठाणे
१२ ऑक्टोबर १९९१

प्रिय उत्तमराव यांस,

विश्रामचा आशीर्वाद आणि सप्रेम नमस्कार. (मेहुणा म्हणून तू धाकटा, तेव्हा आशीर्वाद. नमस्कार कशासाठी ते पुढे कळेल. 'राव' आजच्यापुरतंच आहे, डोक्यात जाऊ देऊ नकोस.) तुझी कंबर कशी आहे? सरोजचा खोकला गेला का? मानपाड्याच्या कारखान्यात तुझी पाळी बदलली की अजून तीच? इकडे मी ठीक. तुझी बहीण ठीक, पण परवापासून माझ्याशी बोलत नाही, म्हणजे एका अर्थी आम्ही दोघंही ठीक. तुझी आई सुखरूप आहे. हे मी मुद्दाम आधी लिहिलं, नाहीतर अर्धं पत्र वाचून तू गाडी पकडशील आणि मला मारायला येशील.

आमच्या खात्याची रचना तुला ठाऊक नसेल. शहराचा वायरलेस शहराशी बोलतो, रेल्वेचा रेल्वेशी, ग्रामीणचा ग्रामीणशी. कोणी टेंभी नाक्यावर पाकीट मारलं आणि तो चालत स्टेशनात शिरला, की आमच्या दृष्टीने तो परदेशी गेला. मग त्याच्यामागून कागद जातो. कागद सह्या घेत घेत पोचतो तोवर चोर खडवलीला घरी जेवून हात धुतलेला असतो. म्हणून यंदा वरून हुकूम आला, की देवीच्या मिरवणुकीला तिन्हीकडच्या पोलिसांनी एकाच चॅनलवर यावं. त्यासाठी पंधरा दिवस बैठका झाल्या. (बिस्किटं एकट्या रेल्वेवाल्यांनी खाल्ली, याची नोंद कुठेच नाही म्हणून इथे करतो.) शेवटी मी शहराकडून मंडपामागे, रेल्वेचा धोंडीबा स्टेशनच्या चौकीत आणि ग्रामीणचा जगन नाक्यावरच्या गाडीत, असे तिघं एकाच चॅनलवर बसलो.

नेमकी त्याच दिवशी तुझ्या आईला देवीची ओटी भरायची होती. मी तिला मंडपाच्या बाजूच्या खुर्चीवर बसवलं आणि छाती फुगवून सांगितलं, की आई, चुकामूक झाली तर घाबरायचं नाही, दिसेल त्या पोलिसाला माझं नाव सांगायचं. मी वायरलेसवर असतो, एका मिनिटात हजर होतो. तिने मान डोलावली. (तुझी आई कुणाचंही ऐकत नाही, पण जावयाचं ऐकते, ही तिची एकमेव चूक.) चार वाजता मी वळून पाहिलं तर खुर्चीवर एक ढोलवाला घाम पुसत बसलेला. आई गायब. सत्तर वर्षांची बाई, हातात नारळ आणि खण, आणि सभोवती अख्खं ठाणं.

आता म्हणशील, वायरलेस समोर होता ना? होता. पण आमच्यात एक पद्धत आहे. साहेब कधी आपणहून मायक्रोफोन हातात घेत नाहीत. समोरचे साहेब आधी हजर झाले पाहिजेत, मगच ऑपरेटरने आपल्या साहेबांच्या हाती द्यायचा. जो आधी 'जय हिंद' म्हणेल तो लहान. एकाच खात्यात हे सोपं असतं, कोण कुणापेक्षा मोठा ते सगळ्यांना पाठ असतं. इथे तीन खात्यांचे तीन साहेब, तिघांच्याही खांद्यावर तीन-तीन तारे. हुकुमात स्पष्ट लिहिलेलं, की साहेबांनी चॅनल सुरू केल्याखेरीज कोणीही निरोप द्यायचा नाही. त्यामुळे मी धोंडीबाला म्हणायचं, आपले साहेब द्या. धोंडीबाने जगनला म्हणायचं, आधी आपले द्या. जगन म्हणायचा, आमचे आलेच समजा. पुढे नुसती खरखर.

साडेचारला ठरलं, की बढतीची तारीख पाहावी. तारीख तिघांची एकच निघाली. मग भरतीची तारीख. ती कुणाला खात्रीने सांगता येईना, म्हणून ज्येष्ठतेची यादी आणायला आमच्या साहेबांनी एका शिपायाला सायकलवर कचेरीत पिटाळलं. (धोंडीबाचं स्टेशन मंडपापासून चालत दहा मिनिटांवर. तिथे सायकलवर किती, ते तू मोज.) तोवर देवी नाक्यावर आली, गुलाल उडाला, दोन जणांच्या चपला आणि एकाची सोनसाखळी गेली. आमच्या संयुक्त चॅनलचा नारळ मात्र अजून फुटायचाच होता.

सहाला पाच कमी असताना खरखर थांबली आणि एका बाईचा आवाज आला.

"कोन बोलतंय रे मगासपासून? गप र्‍हावा सगले!"

अरे, तो आवाज! चाळीस वर्षं मासळीबाजारात गिऱ्हाइकं गप्प केलेला आवाज. आमचे साहेब खुर्चीवरून उठले, टोपी घातली आणि मायक्रोफोन हिसकावून म्हणाले, "जय हिंद मॅडम!" त्याच क्षणी रेल्वेचे साहेब म्हणाले, "जय हिंद मॅडम!" आणि ग्रामीणचेही. मुंबईहून कुणी बड्या बाईसाहेब तपासणीला आल्या, अशी तिघांची पक्की समजूत. चॅनल असा रीतसर सुरू झाला. मग मॅडम म्हणाल्या, "आमचा इसराम हाय का तय? त्याला सांगा, मी ठेसनाव बसलेय. ओटीची फुलां सुकली न् मी पन सुकले."

गर्दीच्या लोंढ्यात ती स्टेशनपर्यंत गेली आणि मी सांगितल्याप्रमाणे दिसेल त्या पोलिसाकडे गेली. तो पोलीस रेल्वेचा निघाला, यात तिची काय चूक? दोन तास वाट पाहून तिने धोंडीबाच्या हातातला मायक्रोफोन ओढून घेतला. मी धावत गेलो आणि तिला घेऊन आलो. आता त्या मॅडम कोण, याचा तिन्ही खात्यांकडून माझ्याकडे लेखी खुलासा मागवलाय. मी लिहून दिलं, 'नाव अज्ञात, परंतु वरिष्ठ.'

सरोजला आशीर्वाद. कळावे, लोभ आहे तो राहू द्यावा (या महिन्यात जरा जास्तच).

तुझा,
विश्राम

ता. क. : आई सोमवारी तुझ्याकडे येते आहे. सोबत सुके बोंबील देतोय.

ता. क. दुसरा : हे तुझ्या बहिणीला, चंद्रभागेलाही सांगितलेलं नाही. ती खरखर मी लिहिली तेवढी नव्हती. सव्वाचारलाच धोंडीबाने नियम मोडून हळूच सांगितलं होतं, की मनुबाई नावाच्या आजी आल्यात, जावई वायरलेसवर आहे म्हणतात. मला शब्दन् शब्द ऐकू आला. साहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. मी बटणावर बोट ठेवलं आणि उचललं. त्याने चारदा विचारलं. एकदा तर मागून तिचाच आवाज आला, "र्‍हाऊ दे, त्याचा काम होऊ दे, मी काय घाबरले नाय." मी ते ऐकूनही बसून राहिलो रे उत्तम. फार लाज वाटते.

काल तिने विचारलं, तुला माझा आवाज येत होता का? मी म्हटलं, छे, बिघाड होता. ती म्हणाली, उत्तमला विचारीन, तो रेडिओच्या कारखान्यात आहे. तेव्हा हात जोडून मागणं एवढंच, की तिने विचारलं तर सांग, तीन खात्यांचे साहेब एका चॅनलवर आले, की कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. यातलं निम्मं तरी खरंच आहे.