भाड्याची आत्या

मसाका, सोमवार

प्रिय स्कोलास्टिका,

तुझ्या गुडघ्यांची आणि त्या खाष्ट कोंबड्याची विचारपूस आधी करते, नाहीतर म्हणशील, पर्पेच्युआला स्वतःशिवाय काही दिसत नाही. माझी तब्येत उत्तम. शनिवारपासून तर फारच उत्तम.

माझा धाकटा भाऊ बोनाव्हेंचर सात वर्षं माझ्याशी बोलत नव्हता, हे तुला ठाऊक आहेच. (मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, त्या समारंभात तो म्हणाला, ताई इतकी ओरडते म्हणूनच हिला नवरा मिळाला नाही. मी माइक घेऊन एवढंच सांगितलं, की हा बाराव्या वर्षापर्यंत अंथरूण ओलं करायचा. खरं बोलायला नन्सनीच शिकवलं ना आपल्याला?) शनिवारी त्याच्या फेलिसिटाला मागणी घालायला मुलाकडचे आले. आता तूच सांग, पाहुण्यांच्या घोळक्यातून नवरामुलगा ओळखून पुढे आणायचा मान कोणाचा? सख्ख्या आत्याचा! पण या शहाण्यानं कंपालाहून आत्या भाड्यानं आणली. खोट्या पापण्यांची. मी शेजारीच, कुंपणाअलीकडे माझ्या ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. (समारंभात नेसायची नवी गोमेसी नेसून, कबूल. शेंगा सोलताना बरे कपडे घालू नयेत असं कुठे लिहिलंय?)

तीस पुरुष, सगळे पांढऱ्या झग्यात आणि काळ्या कोटात. बयेनं नवरदेवाचा नुसता फोटो पाहिलेला. ठुमकत गेली, एकाच्या कोटाला फूल लावलं आणि त्याला मांडवाच्या मधोमध उभं केलं. मुलाकडच्या वतीनं बोलणारा म्हातारा उठला, "हाही देऊ की! फक्त याच्या दोन्ही बायकांना विचारून घ्या." मांडव हसून लोळला. पण त्यांच्यातले वडीलधारे गंभीर झाले. आत्याचा पत्ता नाही अशा घरातली मुलगी न्यायची कशी, म्हणत निघायलाच लागले. फेलिसिटा रडू लागली.

तेव्हा बोनाव्हेंचर कुंपणाशी आला. "ताई, चल."

"कोण ताई? तुमची तर तिकडे ठुमकतेय."

"पोरीचं लग्न मोडेल गं!"

मी मांडीवरचं शेंगांचं सूप खाली ठेवलं. (पोरीनं मुलगा सर्वांत आधी मलाच आणून दाखवला होता, मागच्या दारानं. बापाला पत्ता नाही.) तडक चौथ्या रांगेत गेले आणि घामाघूम झालेल्या खऱ्या नवरदेवाला हाताला धरून बाहेर काढलं. बायकांचा जल्लोष तुझ्या गावापर्यंत कसा ऐकू आला नाही, याचंच नवल वाटतं. भाड्याच्या आत्याला मी जेवूनच जा म्हटलं. जिंकलेल्यानं उदार असावं.

तुझी विजयी,
पर्पेच्युआ

ता. क. माफी त्यानं मागितलेली नाही. मीही नाही.

दुसरा ता. क. रविवारी त्यानं जेवायला बोलावलंय. भावजय मुद्दाम माहेरी चाललीय, म्हणजे आम्ही दोघंच. सात वर्षं मनातल्या मनात त्याच्याशी इतकी भांडले, आणि आता समोर बसून काय बोलायचं तेच सुचत नाही. शनिवारच्या बसनं ये ना. आमच्या मध्ये बस.